जे बदलत नाही, ते पाठवायचं नाही

मोबाइलचा कॅमेरा उघडून तो वेदीकडे वळवला, की त्याच्या आत दर सेकंदाला आकड्यांचा पूर येतो. 'एचडी' म्हणतात त्यातलं धाकटं चित्र घेतलं, तरी आडवे १२८० आणि उभे ७२० मिळून ९,२१,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात, म्हणजे शून्य किंवा एक असे २४ अंक. आणि अशी चित्रं सेकंदाला २५. गुणाकार करून पाहा, उत्तर ५५ कोटींच्या पुढे जातं. आता रविवारची सकाळ आहे, करमाळ्यातल्या एखाद्या छोट्या मंडळीची उपासना सुरू होते आहे आणि मोबाइलच्या डेटावरून बाहेर जाणारी वाट सेकंदाला ५० लाख बिट सोडते आहे. कधी ३० लाखच. जायचं आहे ५५ कोटींना, वाट आहे ५० लाखांची, आणि तरीही सगळं जातं! जवळच्या जेऊरला खाटेला खिळलेली आजी, हिंजवडीत नोकरी करणारा तिचा नातू आणि न्यू जर्सीत शनिवारच्या मध्यरात्री जागी असलेली तिची भाची, अशा तिघांना एकाच वेळी पाळकसाहेबांच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट दिसते.

मग बाकीचे कोट्यवधी बिट गेले कुठे? या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या काळातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. शिवाय ज्या मंडळीची दानपेटी लहान आहे, तिनं पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालू नयेत, हेही त्याच उत्तरातून कळतं.

आधी थोडं या मुलखाबद्दल. अहिल्यानगर आणि सोलापूर यांच्या मधल्या वाटेवर करमाळा आहे. श्रीदेवीच्या माळावरच्या कमलादेवीमुळे आणि तिथल्या ९६ पायऱ्यांच्या बारवेमुळे लोक त्याला ओळखतात. याच वाटेच्या दोन टोकांना मराठी ख्रिस्ती समाजाची जुनी केंद्रं आहेत. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं मांडलं आणि १८६०च्या दशकात सोलापूरला. मराठी मुलखात ख्रिस्ताचा संदेश लांब पोचवायचा, तर हाताशी असलेल्या साधनात नवं काही करावं लागे. १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कीर्तन हाताशी धरलं, कारण गावच्या माणसाचा कान कीर्तनाला सरावलेला होता. जेऊरहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला दौंडनंतर केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा मराठी अनुवाद केला आणि मिशनच्याच छापखान्यात आश्रयाला आलेल्या बायकामुलींनी खिळे जुळवून तो छापला. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. साधनं तुटपुंजी असताना शब्द दूर पाठवण्याची विद्या या भागाला नवी नाही.

आणि मग २०२० आलं. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. १० एप्रिलला गुड फ्रायडे होता, १२ एप्रिलला ईस्टर. गुड फ्रायडेची, क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना बंद दारांमागून कशी करायची, हा प्रश्न मंडळ्यांसमोर दोन-अडीच आठवड्यांत उभा राहिला. त्याच वर्षी १ जुलैला आषाढी एकादशी झाली ती वारीशिवाय. पालख्या एसटीनं पंढरपुरात गेल्या आणि वारकऱ्यांनी विठ्ठलाची महापूजा घरच्या पडद्यावर पाहिली. सोलापूर जिल्ह्यानं तोवर असं कधी पाहिलं नव्हतं. दारं पुन्हा उघडली, पण आजारी, वयस्कर आणि दूर गेलेली माणसं पडद्यापलीकडेच राहिली. ती आजही तिथं आहेत. त्यांच्यासाठी हे काम नीट करायला हवं.

आता कोट्यवधी बिटांकडे वळू.

पहिली काटछाट आपल्या डोळ्याच्या स्वभावावर चालते. उजेड-अंधारातला बारीक फरक डोळा फार काटेकोरपणे टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानंच निम्मा भार उतरतो आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दुसऱ्या काटछाटीमागे बंगळुरूत जन्मलेला एक अभियंता आहे. नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असत. १९७२ साली त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेवर काम करायला अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद थांबले नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात पगाराविना त्यावर बसले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला निबंध जानेवारी १९७४मध्ये छापून आला. तीन भारतीय नावं! कल्पना अशी: चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडायचे. असा कुठलाही चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणातून बनवता येतो, जसे पेटीच्या पट्ट्यांमधून हवे ते सूर एकत्र काढता येतात. काही नक्ष्या संथ असतात, एका कडेला उजळ आणि दुसऱ्या कडेला गडद. काही दाट असतात, बुद्धिबळाच्या पटासारख्या. आता भिंत, आकाश, चेहरा, झगा, कशाचाही चौकोन घ्या. त्याचं जवळजवळ सगळं वजन पहिल्या पाच-सहा संथ नक्ष्यांत आढळतं. दाट नक्ष्यांच्या वाट्याला इतकं थोडं येतं, की त्यांना शून्य म्हणून सोडून दिलं तरी डोळा हरकत घेत नाही. ६४ आकड्यांच्या जागी मूठभर आकडे पुरतात. आपल्या फोनमधला प्रत्येक जेपीजी फोटो याच पायावर उभा आहे. थेट प्रक्षेपणासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी, २००३ साली ठरलेली एच.२६४ ही पद्धतसुद्धा त्याच कल्पनेच्या पूर्णांकी रूपावर चालते. अनुदान नाकारलं गेलेली ती 'फारच सोपी' कल्पना आज दर सेकंदाला पृथ्वीवर किती वेळा वापरली जात असेल, याचा विचार करताना मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

तिसरी काटछाट मात्र सर्वांत मोठी, आणि छोट्या मंडळीला सर्वांत उपयोगाची. सेकंदाला २५ चित्रं येतात, पण या चित्रातून पुढच्या चित्रात बदलतं ते किती? भिंत तीच असते. क्रूस तोच. पुलपिट तेच. पाळकसाहेबांचा हात थोडा वर गेला, ओठ हलले, एवढंच. म्हणून फोन पूर्ण चित्र पाठवतो ते सहसा दोन सेकंदांतून एकदा. मधल्या चित्रांसाठी तो नुसता हिशोब पाठवतो: हा तुकडा होता तिथंच आहे, हा चार ठिपके उजवीकडे सरकला, इथं एवढा फरक पडला. जे बदललं नाही ते पाठवायचंच नाही, पलीकडच्या फोननं आधीचं जपून ठेवलेलं वापरायचं. या सगळ्यातून ५५ कोटींचे २५ लाख होतात. सुमारे दोनशेवीस भागांतला एक भाग उरतो, आणि तेवढ्यातून आजीला चष्म्याची काडी दिसते.

हे एकदा मनात बसलं, की कमी खर्चात काय करायचं ते आपोआप सुचू लागतं. जी जी वस्तू चित्रात विनाकारण हलते, ती त्या २५ लाखांतला वाटा खाते. हातात धरलेला मोबाइल सर्वांत मोठा खादाड आहे. हात जरासा थरथरला की चित्रातला एकूण एक ठिपका जागा बदलतो, सगळा हिशोब नव्यानं मांडावा लागतो आणि त्यात पाळकसाहेबांच्या चेहऱ्यासाठी बिट उरत नाहीत. चेहरा चौकोनी ठिगळांचा दिसू लागतो. लोक म्हणतात, कॅमेरा चांगला नाही, नवा घेऊ. कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. हजाराच्या आतबाहेर मिळणारा तिपाई स्टँड लावला, की तोच फोन, तोच डेटा आणि चित्र दुप्पट महागाचं दिसतं. मागच्या बाजूला फिरणारा पंखा, खिडकीत उडणारा पडदा आणि नाताळात पुलपिटाभोवती गुंडाळलेल्या झिरमिळ्या आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा, यांचाही असाच वाटा असतो. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी प्रक्षेपण सर्वांत वाईट दिसतं, याचं कारण पुष्कळदा या माळांत असतं. त्या चौकटीच्या बाहेर लावा, किंवा लुकलुक बंद करून नुसत्या तेवत ठेवा.

उजेडाचं गणित तर आणखी चकित करणारं आहे. अंधाऱ्या खोलीत फोनचं संवेदक ताणलं जातं आणि चित्रात रेतीसारखी चुरचुर दिसते. ही रेती प्रत्येक चित्रात वेगळी पडते. म्हणजे भिंत स्थिर असूनही, फोनच्या हिशोबी ती सतत बदलते! बिचारा फोन इमानेइतबारे ती रेतीच पाठवत बसतो. पाळकसाहेबांच्या समोरून एक साधा पांढरा एलईडी लावला की रेती नाहीशी होते आणि वाचलेले सगळे बिट चेहऱ्याला मिळतात. उजेड वाढवणं म्हणजे इथं अक्षरशः डेटा वाचवणं. खिडकी त्यांच्या पाठीशी असेल तर फोनची जागा बदलून ती फोनच्या पाठीशी आणा. याला तर एक पैसाही लागत नाही.

दिव्यांची अजून एक गंमत आहे आणि ती मुद्दाम फोन रोखून बघावी. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण पुष्कळ फोन सेकंदाला ३० चित्रं घेतात, आणि ३० आणि १०० यांचा मेळ बसत नाही. मग पडद्यावर काळसर पट्टे हळूहळू वर सरकताना दिसतात. पट्टा सरकला की सगळं चित्र बदललं, म्हणजे पुन्हा उधळपट्टी. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० एवढं ठेवलं की पट्टे गायब. काही फोनमध्ये '५० हर्ट्‌झ' असा पर्यायच असतो. शेवटचं एक: पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. नाहीतर कुणी पांढरी साडी नेसून समोरून गेलं की फोन अख्खं चित्र काळोखं करतो आणि परत उजळतो.

आता आवाज. माझ्या मते सगळ्या खर्चाचा मोठा वाटा इथंच जायला हवा. त्या २५ लाखांच्या सोबत आवाजासाठी जेमतेम सव्वा लाख बिट पाठवले जातात, वीस भागांतला एक भाग, आणि उपासनेचा सगळा जीव त्या एका भागात असतो. चित्र दोन सेकंद गोठलं तर आजी वाट बघते. आवाज तुटला, की ती फोन बाजूला ठेवते.

जगात रेडिओवरून चर्चची उपासना पहिल्यांदा ऐकवली गेली ती २ जानेवारी १९२१ला. अमेरिकेत पिट्सबर्गचं केडीकेए हे केंद्र सुरू होऊन दोनच महिने झाले होते. कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमध्ये मायक्रोफोन लावले गेले. उपासकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून केंद्राच्या दोन तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. त्यांतला एक ज्यू होता आणि एक कॅथलिक! शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना दोन गोष्टी बरोबर कळल्या होत्या: माइक बोलणाऱ्याच्या जवळ हवा आणि यंत्र चालवणारा नजरेत येता कामा नये.

माइक जवळ का हवा, याचं गणित असं. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. कॉलरला लावलेला माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर असतो, स्टँडवरचा फोन समजा पाच मीटरवर. अंतर २५ पट, म्हणून थेट पोचणारा आवाज ६२५ पट क्षीण. पण भिंतींवरून आणि पत्र्यावरून आपटून आलेला घुमारा मात्र खोलीभर जवळजवळ सारखाच असतो. फोनच्या वाट्याला शब्द थोडा आणि घुमारा फार येतो.

तुम्ही विचाराल, मग पाचव्या बाकावर बसलेल्या माणसाला कसं स्वच्छ ऐकू येतं? तोही पाच मीटरवरच असतो की. हे आपल्या मेंदूचं कसब आहे. सात मीटरवरच्या भिंतीवरून परतणारा आवाज सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा येतो, आणि एवढ्या उशिरानं आलेल्या प्रतिध्वनीला मेंदू वेगळं मानतच नाही, मूळ आवाजात मिसळून टाकतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली यावर सविस्तर काम केलं. शिवाय दोन कान असल्यामुळे आवाज कुठून आला ते कळतं आणि बाकीच्या दिशांकडे आपण दुर्लक्ष करू शकतो. फोनच्या एका माइकमधून हे सगळं एकाच रेषेत कोंबलं जातं. ऐकणाऱ्याचा मेंदू घरी तयार बसलेला असतो, पण त्याला दिशाच मिळत नाही. टाळेबंदीत तर रिकाम्या सभागृहांनी हे दुखणं आणखी वाढवलं, कारण माणसांचे कपडे आणि शरीरं घुमारा शोषून घेतात. बाकं भरलेली असणं आवाजालाही मानवतं. सभागृह लहान असेल तर भिंतींना जाड पडदे आणि खाली सतरंज्या एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

म्हणून पहिली खरेदी माइकची. लांब वायरचा कॉलर माइक हजाराच्या आसपास मिळतो. आपल्या फोनला कसली पिन बसते एवढं बघून घ्यावं. सभागृहात स्पीकर आणि मिक्सर असेल तर मिक्सरच्या 'रेक आउट'मधूनच आवाज फोनला देता येतो. फक्त सरळ वायर जोडू नये. मिक्सरमधून येणारा आवाज फोनच्या माइकला अपेक्षित असतो त्याहून शेकडो पट जोरकस असतो आणि नुसती करकर ऐकू येते. मध्ये तो कमी करणारी वायर किंवा छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो.

आणि इथं एक गोष्ट घडते, जी पहिल्यांदा ऐकताना काळजाला लागते. मिक्सरमधून घेतलेला आवाज स्वच्छ असतो, पण त्यात मंडळीच नसते. प्रार्थनागृहात दीडशे माणसं भक्तिगीत गात आहेत, तबला घुमतो आहे, टाळ्या पडत आहेत, आणि घरच्या माणसाला ऐकू येतो तो पुलपिटापाशी एकट्यानं गाणारा आवाज. कारण उघड आहे. मंडळीसमोर माइक नसतो. तबल्याला छोट्या सभागृहात माइकची गरजच नसते, म्हणून तोही मिक्सरमध्ये येत नाही. आजी संदेश ऐकते, पण ती मंडळीत असत नाही. यावर उपाय स्वस्त आहे: एक साधा माइक मंडळीकडे तोंड करून उंचावर लावायचा, त्याचा आवाज सभागृहाच्या स्पीकरला न देता फक्त प्रक्षेपणाला द्यायचा, गीताच्या वेळी वाढवायचा आणि संदेशाच्या वेळी उतरवायचा. दोनच माइक परवडत असतील, तर दुसरा हाच असावा. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी.

एकट्या माणसाच्या आवाजाबद्दल कान किती जागरूक असतो, याचा एक पुरावा देतो. एमपी३ ही पद्धत घडवताना कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीला घेतलं ते सुझॅन व्हेगाचं 'टॉम्स डायनर', वाद्यांविना गायलेलं गाणं. आवाजाची काटछाट कानाच्या एका मर्यादेवर चालते: मोठ्या सुराच्या शेजारचा बारीक सूर आपल्याला ऐकूच येत नाही, म्हणून तो टाकून देता येतो. पण एकट्या गळ्याच्या मागे लपायला जागाच नसते, जरा बिघाड झाला की कान पकडतो. शास्त्रवाचन म्हणजे नेमका तोच एकटा गळा.

चित्र आणि आवाज वेगळ्या वाटेनं फोनमध्ये आले, की त्यांची वेळ चुकू शकते. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाणकानुसार आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत आपल्या सहसा लक्षात येत नाही, पण नुसता ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी खटकतो. संगणकावर ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्यात आवाज हवा तेवढा मागे सरकवता येतो. आधी समोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करून पाहावी.

आता बाहेरची वाट. यूट्यूबसारख्या सेवेकडे आपण एकच प्रत पाठवतो. पलीकडे १० जण बघोत की १०,०००, करमाळ्यातून जाणारा भार तेवढाच. पुढच्या प्रती तिकडच्या यंत्रांवर तयार होतात, त्याही निरनिराळ्या जाडीच्या. मग काही सेकंदांचे तुकडे पाडून ते मांडून ठेवले जातात, आणि बघणाऱ्याचा फोन आपल्या रेंजप्रमाणे तुकडा उचलतो: जेऊरला बारीक, हिंजवडीत जाड. रेंज मध्येच घसरली तर पुढचा तुकडा बारीक घेतो, उपासना थांबत नाही. न्यू जर्सीकडे जाणारे तुकडे समुद्राच्या तळाशी, काचेच्या तंतूंतून, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं धावतात. ही सगळी सोय मंडळीला फुकट मिळते. एवढ्यासाठी शंभर वर्षांपूर्वी आख्खं रेडिओ केंद्र उभं करावं लागलं असतं.

वेग मोजायचा तो रविवारी, उपासनेच्याच वेळी, आणि 'अपलोड'चा. मंगळवारी दुपारी मोजलेला वेग उपयोगाचा नाही, कारण टॉवर सगळ्यांचा मिळून असतो. जेवढा मिळेल त्याच्या निम्म्यातच काम भागवावं. २५ लाखांच्या वेगानं दीड तासाच्या उपासनेला सुमारे १.८ जीबी डेटा लागतो, म्हणजे रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये ती जेमतेम बसते. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवावा. प्रक्षेपणाचा फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफायवर चालवावा, नाहीतर ऐन प्रार्थनेत कुणाचा तरी कॉल येतो. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण चालू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून शनिवारी रात्री जागं होऊन चालत नाही. आणि एप्रिल-मेचं सोलापुरी ऊन! फोन तापला की स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी राउटर आणि मिक्सर हवेत, दिवे नंतर.

गाण्यांचंही पाहावं. बाजारातला रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावला तर यूट्यूबची यंत्रणा तो ओळखून आवाज बंद करू शकते. मंडळीनं स्वतः गायलेली जुनी भक्तिगीतं मात्र निर्धास्त गावीत. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, त्यांची गीतं केव्हाच सगळ्यांची झाली आहेत.

एका बाबतीत मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. मंडळीत एखाद्याच्या आजारासाठी नाव घेऊन प्रार्थना होते. चार भिंतींत तो आधार असतो. प्रक्षेपणात तेच नाव आणि तोच आजार कुणाही अनोळखी माणसापुढे उघडे पडतात, आणि रेकॉर्डिंग राहतं ते वेगळंच. त्या पाच मिनिटांत आवाज बंद करून पडद्यावर एखादं स्थिर चित्र ठेवावं. लहान मुलांचे चेहरे दाखवण्याआधी आईबापांना विचारावं. कॅमेरा मंडळीच्या पाठीमागून लावावा, म्हणजे कोण आलं, कोण बसलं, हे जगाला दिसणार नाही. ज्यांना दिसायचं नाही अशी माणसं प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना विचारायला भाग पाडू नये.

तुकडे पाडून, साठवून पाठवण्याच्या या पद्धतीमुळे घरचा माणूस नेहमी थोडा मागे असतो, बहुधा १० ते २० सेकंद. पाळकसाहेबांचं आशीर्वचन संपतं, मंडळी 'आमेन' म्हणते, तेव्हा जेऊरच्या आजीपर्यंत आशीर्वचनाचा पहिला शब्दही पोचलेला नसतो. तेवढ्यात कुणी घाईनं 'बंद करा'चं बटण दाबलं, तर तिच्या पडद्यावर ते मध्येच तुटू शकतं. म्हणून 'आमेन'नंतर पुरता एक मिनिट प्रक्षेपण चालू ठेवावं, मंडळीकडे वळवलेला माइक उघडा ठेवून. बाकं सरकण्याचे, एकमेकांची चौकशी करण्याचे आवाज तेवढा वेळ जाऊ द्यावेत. आणि यंत्रापाशी बसलेल्यानं तोवर खाली आलेले संदेश वाचून, कोण कोण घरून हजर होतं ते वहीत लिहून ठेवावं, म्हणजे त्या आठवड्यात कुणाच्या घरी भेटीला जायचं ते पाळकसाहेबांना ठरवता येईल.